अधिक महिन्यातली स्थिर हवा

हे बघा, जावई इंजिनिअर जरूर करावा, पण अधिक महिन्यात त्याला उदगीरला बोलावू नये. यंदा सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना धोंडे खायला बोलावलं. मी थोरला, मास्तर. धाकटे दीपकराव पुण्याहून आले, ते सौरपंपाचा कंट्रोलर घेऊनच.

जेवणं झाली आणि त्यांनी तो डबा चालू करून पुढ्यात ठेवला. म्हणाले, "हवा अजिबात हलली नाही, तर हा वरून पासष्ट डिग्री तापेल, असा माझा अंदाज आहे. मोजून बघू. जरा पंखा आणि कूलर बंद करता?"

भर मे महिन्यात! पण अधिकात जावयाला नाही कोण म्हणणार? सासऱ्यांनी मुकाट्यानं बटणं बंद केली, खिडक्याही लावल्या.

थोड्याच वेळात दीपकरावांना घाम फुटला. सासूबाईंना ते बघवेना. हातपंखा घेऊन त्यांच्या मागंच बसल्या.

"मामी, हवा हलायला नको."

"तुमचं चालू द्या जावईबापू. मी तुम्हालाच वारा घालायलेय, डब्याला न्हाई."

तासाभरानं मोजलं, तर डबा जेमतेम पन्नास.

"अंदाजापेक्षा कितीतरी थंड!" दीपकराव खूश. सासरे तर कौतुक सांगायला शेजारी निघाले.

मी कोपऱ्यात घामानं निथळत होतो. म्हटलं, "दीपकराव, स्थिर हवेतलंच तापमान पाहिजे ना? मग थर्मामीटर इकडं आणा. थोरल्या जावयाला कुणीच वारा घातला न्हाई."