पिशवी ठेवलेली खुर्ची

तिथे नको, तिथे पिशवी आहे. पलीकडची घ्या. — हो, तासाभरात कोणी आलेलं नाही, दिसतंय मला. पण पिशवी ठेवली की जागा धरली, एवढं पुण्यात राहून तुम्हाला माहीत असेल. नवीन दिसता. घाई करू नका, आत एकालाच सोडतात. माझी मुलगी आहे आत, सुनीती, आणि नात स्वराली — पाच वर्षांची. न्यूरोब्लास्टोमा. हा शब्द पाठ व्हायला मला आठवडा लागला, तिला एक दिवस. मूत्रपिंडापाशी कॅन्सरची गाठ होती, काढली. मग तिच्याच रक्त तयार करणाऱ्या पेशी साठवून तिला परत दिल्या, तरी आजार उलटला. आता दुसऱ्याच्या पेशी. निम्म्या जुळल्या तरी चालतात म्हणे — मी निम्मी जुळलेली सही कधी पास केली नाही. आज सोळावा दिवस. रुजल्या की नाही, ते आजच्या रक्तात कळेल बहुतेक. सकाळीच नेलंय.

कोणाच्या? — तिच्या वडिलांच्या. तो काय, जिन्यापाशी उभा. वैजनाथ, परभणीचा. चार तास हातात सुया घेऊन यंत्राशेजारी पडला होता. नाही, बोलत नाही आम्ही. लग्नालाही मी गेलो नव्हतो. कारण विचारू नका, तुमच्या घरीही तेच असेल.

कोणाच्या पेशी जुळतात त्या तपासणीसाठी घरच्यांची यादी हवी होती, ती मी लिहिली. छत्तीस वर्षं कारकुनी केली, रकाना मोकळा सोडला नाही कधी. सुनीती, मी, पुतण्या गंधार. डॉक्टरीणबाईंनी वाचून विचारलं, ‘वडील हयात नाहीत का?’ तो शेजारीच होता. म्हणाला, ‘आहे, मॅडम.’ एवढंच. सुनीतीला मी सांगितलं, विसरलो. विसरलो — मी! तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणजे बोलत नाही.

पिशवीत? डबा आहे. त्याचा. सोळा दिवस आणतोय, खुर्ची धरतोय, आणि तो उभाच. बोलवायचं कसं? लेखी असतं तर जमलं असतं.

थांबा, दार उघडलं. सिस्टर, मी आजोबा, मला सांगा — नाही, वडीलच हवेत म्हणते. बरोबर आहे. मास्कमुळे हसतेय की काय, तेही कळत नाही. आणि त्याच्या कानात त्या वायरी, त्याला ऐकूच गेलं नाही. ती पिशवी घ्या जरा मांडीवर. आणि गप्प बसा दोन मिनिटं, मला हाक मारायचीय.

वैजनाथराव —