मागे बसणाऱ्याला काय लागतं?

“अरे, तिला काय विचारायचंय त्यात? ती मागे बसणार. मागे बसणाऱ्याला काय लागतं?”

आता हे सासऱ्यांचं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. मी बाल्कनीत चादर वाळत घालत होते. चादरीच्या या बाजूला मी, त्या बाजूला हॉल, आणि हॉलमध्ये सासरे, नवरा आणि दीर असे तिघं एका फोनमध्ये डोकी घालून बसलेले... माझ्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे होते, त्यामुळे तुम्हाला सांगते, इच्छा असती तरी बोलता आलं नसतं. आणि चिमटे काढल्यावर? चिमटे काढल्यावरही मी काही बोलले नाही.

विषय मोटारसायकलचा होता. साधीसुधी नाही हो! दगडातून, चिखलातून, ओढ्यातून, म्हणजे शहाणा माणूस जिथून जाणार नाही तिथून जाणारी. उंची अशी की शेजारी उभी राहिले तर सीट माझ्या कमरेच्या वर. तिच्यावरून आमचा लग्नानंतरचा पहिला प्रवास, सहा दिवस, तीन घाट. जायचं दोघांनी, ठरवायचं तिघांनी, आणि त्या तिघांत मी नाही!

लग्नाला सात महिने झाले. बंद खोलीत मी नवऱ्याला ‘अरे’ म्हणते, दार उघडलं की ‘अहो’. उंबरठ्यावर जीभ बदलायची सवय झालीय आता. बाकी मी मुळातच कमी बोलते. माहेरी त्याला घुमेपणा म्हणायचे, सासरी ‘गरीब आहे हो स्वभावानं’ म्हणतात. माणूस तोच, फक्त पत्ता बदलला.

तर सामान यायला लागलं. रोज एक खोकं! आधी धुक्यातले दिवे आले. मग इंजिनाखाली लावायचा जाड पत्रा, दगड लागू नये म्हणून. मग हँडलवर हातांपुढे लावायची ढाल. मग फोन अडकवायचा चिमटा, तो हादरू नये म्हणून त्याच्याखाली रबर, आणि ते रबर झिजू नये म्हणून... नाही, तिथे सासूबाईंनी खोकं परत पाठवलं. मग जॅकेट आलं. खांद्याला गादी, कोपराला गादी, पाठीला कासवासारखी ढाल. नवरा ते ‘अंगवळणी पडावं’ म्हणून जेवायला घालून बसायचा. हातमोजे घालून चहाचा कप उचलता येतो का याची परीक्षा झाली, आला नाही, फुटला. आणि बूट! बूट घालून हा संडासात निघाला तरी घरात पलटण शिरल्यासारखं वाटायचं.

“आणि वहिनींना?” असं दिरानं एकदा विचारलं, खोटं कशाला बोलू. तर सासूबाई म्हणाल्या, “तिचा तो निळा स्वेटर आहे ना, जाड आहे चांगला.” आणि हेल्मेट? हेल्मेट दिराचं जुनं. मला घालून पाहायला लावलं. मी मान डावीकडे वळवली, हेल्मेट समोरच बघत राहिलं. आत दिराच्या केसांच्या तेलाचा वास. “बसतंय की!” सासरे म्हणाले. बसतंय कसलं, त्यात आम्ही दोघं बसलो असतो! पण मी काही बोलले नाही, आणि बोलले असते तरी आतल्या आत घुमलं असतं.

मग आल्या सामानाच्या पेट्या. ॲल्युमिनियमच्या, दोन बाजूंना दोन. त्यांना बसवायला लोखंडी चौकट. दिराला आम्ही घरात ‘प्राध्यापक’ म्हणतो, कारण जगातलं कुठलंही काम तो व्हिडिओ बघून शिकवू शकतो, करू शकतो असं नाही. तर प्राध्यापकांनी चौकट बसवली ती नेमकी माझ्या फूटरेस्टवर. मागच्याचे पाय ठेवायचे ते दोन छोटे दांडे असतात ना, ते चौकटीच्या मागे घडी होऊन अडकले ते अडकलेच. उघडेनात. मी जिन्यातून जाताना पाहिलं. तिघं पेट्यांना टिचक्या मारून आवाज ऐकत होते. मी काही बोलले नाही. म्हटलं, मला बसवून बघतील तेव्हा कळेलच की!

बसवून बघितलं. पण मला नाही! “तिचं वजन किती असेल गं?” सासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं. मी शेजारच्या खोलीत. “बावन्न धरा,” सासूबाईंनी परस्पर धरलं. मग पन्नास किलोचं धान्याचं पोतं मागे दोरीनं बांधून नवरा चौकापर्यंत जाऊन आला, आणि काय खूश! “जराही डुगडुगत नाही! वळणावर सुद्धा काही त्रास नाही!” पोतं काही बोललं नाही. मीही.

आता मी काय काम करते ते सांगितलंच नाही, नाही का? मी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. ‘कात्र्या मोजते’ असं सासरे पाहुण्यांना सांगतात, आणि ते खरंच आहे. कात्र्या, चिमटे, सुया, कापसाच्या घड्या, सगळं मोजायचं. सुरू करण्याआधी मोजायचं, टाके घालण्याआधी मोजायचं, दोघींनी, मोठ्यानं, फळ्यावर लिहून. आकडा जुळला नाही तर पेशंट शिवायचा नाही. कितीही मोठा डॉक्टर असो, हात वर धरून उभा राहतो. तिथेही मी दिवसभर गप्पच असते. एकच वाक्य मोठ्यानं म्हणायचं असतं, “मोजणी जुळत नाही,” आणि त्या एका वाक्याचा मला पगार मिळतो.

आणि आमच्या घरात? आमच्या घरात एक बरणी होती! प्रत्येक खोक्यातलं सामान बसवून झालं की दोन स्क्रू उरायचे, एक वॉशर उरायचा, आणि सासरे तो मोठ्या समाधानानं बरणीत टाकायचे. “कंपनी जास्तीचं देतेच.” टुण्ण! मी पोळ्या लाटता लाटता तो आवाज ऐकायचे आणि माझं लाटणं थांबायचं. काय सांगू तुम्हाला, एकदा थिएटरमध्ये कापसाची एक घडी सापडेना, तर चाळीस मिनिटं आम्ही केराच्या पिशव्या उपसत होतो!

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्राध्यापक म्हणाले, “दादा, चेन सैल आहे.” आता गाडी रोज दोन वेळा पुसली जात होती, आरशांना अत्तर लावायचं तेवढं बाकी होतं, पण चेनकडे महिनाभर कुणी बघितलं नव्हतं. खाली वर्तमानपत्र अंथरलं. व्हिडिओ लावला. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला, चाक मागे ओढलं, दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या, आणि तेवढ्यात वरून सासूबाईंची हाक आली, “चहा निवतोय!”

सकाळी सहा वाजता निघायचं. साडेपाचला मी केर काढायला खाली गेले. वर्तमानपत्र गुंडाळलं, त्यातून काहीतरी घरंगळलं. पिन. बोटाच्या पेराएवढी, दोन पायांची. नटमधून आरपार घालायची आणि मागून पाय फाकवायचे, म्हणजे नट आपला आपण फिरत नाही. मी उचलली. तेलकट होती. पाय वाकडे होते.

बघा हं, नवी पिन सरळ असते. पाकिटातली पिन कोरडी असते. ही तेलकट आणि वाकडी, म्हणजे ही कुठेतरी होती. आता तिथे नव्हती.

मी वर गेले. तिघं नकाशावर. मी हळूच म्हटलं, “अहो, ही खाली...”

“वहिनी, जादा असेल ती.”

“कंपनी देतेच,” सासरे. बरणीकडे हात लांबवून! मी मूठ मिटली. पहिल्यांदाच त्या घरात मी एखादी गोष्ट द्यायला नकार दिला, आणि कुणाच्या लक्षात सुद्धा आलं नाही.

खाली आलो. पेट्या लावल्या. सासूबाईंनी माझ्या स्वेटरची गुंडी लावली, डोळ्यांत पाणी. नवरा त्या कासवाच्या जॅकेटात. “थांबा, एक चक्कर मारून येतो, ब्रेक बघतो,” म्हणाला आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत गेला!

तुम्हाला सांगते, आमच्या गल्लीत चार गतिरोधक आहेत. चौथ्यानंतर रस्ता उजवीकडे वळतो आणि मग उतार, सरळ मोठ्या रस्त्यापर्यंत. मी ऐकत होते. एक... दोन... सासरे म्हणत होते, “आवाज बघ इंजिनचा, काय सुरेल!” तीन... मी त्या पिनेवर इतकी मूठ आवळली होती की तळहाताला दोन खड्डे पडले. चार. मग काही नाही. आवाजच नाही! सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, गोळ्या घेतल्या का, पाणी घेतलं का, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की तो नट एकेक आटा मागे सरकतोय, आणि पिन इथे, माझ्या हातात आहे, आणि मी... मी काही बोलले नाही! सात महिने मी सुनेसारखी गप्प राहिले, पण त्या साडेतीन मिनिटांत मी थिएटरमधली नर्स असून गप्प राहिले, ते मला अजून पचलेलं नाही.

आला. परत आला हो! हसत आला. “मस्त! चल, बस.” आणि इंजिन चालूच.

सगळे माझ्याकडे बघतायत. सासरे म्हणाले, “चल बाई, ऊन व्हायच्या आत.” दीर म्हणाला, “वहिनी, खांद्याला धरा आणि चढा.” आणि मग माझ्या तोंडून आवाज निघाला. माझा घरातला आवाज नव्हे. थिएटरमधला!

“अरे, उतर खाली! मोजणी जुळत नाही.”

‘अरे’! सासऱ्यांसमोर! सासूबाईंचा हात तोंडावर गेला. वरच्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीत आल्या. नवरा उतरला. काय आश्चर्य बघा, काही न विचारता, दोन्ही हात वर धरून उतरला, अगदी आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखा. मी मूठ उघडली. प्राध्यापक खाली बसले, मागच्या चाकाच्या नटाला दोन बोटं लावली... आणि नट फिरला. पाना नाही, जोर नाही. नुसता बोटांनी फिरला.

त्या घरात मी सोडून बाकी सगळे गप्प, असं पहिल्यांदाच झालं.

मग बरणी खाली आली. वर्तमानपत्रावर उपडी केली. एकोणीस नग! गॅरेज नऊ वाजता उघडलं, मेकॅनिक आला, तो एकेक उचलून म्हणायचा, “ही जादा... हीसुद्धा जादा... आणि हा बोल्ट, काका, हा जादा नाही, हा पेटीचा आहे!” सासरे प्रत्येक वेळी एक पाऊल मागे सरकत होते. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता घरात मिक्सर उघडला तरी हाक येते, “वहिनी, मोजायला या!” एक वाक्य बोलले त्याची ही शिक्षा.

पण त्या सकाळचं राहिलंच. मेकॅनिक गेला, नवी पिन बसली, आणि सासरे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बरणी रिकामी, हातात धरलेली. घसा खाकरला. म्हणाले, “हे बघ, आमचं चुकलं. आता मला सांग... मागे बसणाऱ्याला काय लागतं?”

नवरा माझ्याकडे बघत होता, दीर बघत होता, सासूबाई बघत होत्या. हेल्मेटचं सांगावं? जॅकेटचं सांगावं? मी गाडीकडे पाहिलं. त्या चमकणाऱ्या पेट्या, ती चौकट, तिच्यामागे घडी होऊन अडकलेले ते दोन दांडे. आणि म्हटलं,

“बाबा, पोत्याला पाय नसतात. मला आहेत. मोजून दोन.”