गळा बारा, गळा तेरा

...आणि वर मलाच विचारतात, पंखा का बंद केलास! अहो, सगळा वर्ग घामानं निथळतोय, वह्यांनी वारा घेतोय, आणि मी शेवटच्या बाकावर स्वेटर घालून, हात बगलेत खुपसून कुडकुडतेय... मग काय करणार? पण तुम्हाला सांगते, आमच्याकडे सगळ्याला कारण एकच. सकाळी जाग येत नाही? "आळस, दुसरं काय!" दोन जिने चढून धाप लागली? "आळस, दुसरं काय!" कंगवाभर केस गळले, तर बाबा म्हणाले, "तेल लावायचा आळस, दुसरं काय!" म्हणजे केससुद्धा आळशी, डोक्यावर टिकून राहायचा त्यांना कंटाळा!

आवाजही बसला होता हो. पण मी वर्गात बोलतेच कुठे? दोन महिने कुणाला पत्ता नाही! एकदा हजेरीला ओ दिली, तर बाई वळून विचारतात, "कोण रे तो मुलगा?"

आणि खरं सांगू का... मलाही पटायला लागलं होतं, की मी आळशीच. 'उद्यापासून सुधारायचं' असं वहीत लिहून ठेवलं. मग ती वही कुठे ठेवली तेच विसरले!

शेवटी ओळखलं कुणी? शिवणकाम करणाऱ्या मावशींनी! गणवेशाचं माप घेताना टेप गळ्याशी अडली. "अगं बाई! गेल्या वर्षी गळा बारा, आता तेरा? वहिनी, पोरीचा गळा सुजलाय, डॉक्टरांकडे न्या." आई म्हणाली, "अहो, बसून बसून अंग सुटलंय. आळस, दुसरं..." "गळ्याला आळस सुटलेला मी तीस वर्षांत पाहिला नाही!"

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, शरीराचा वेग ती सांभाळते. हिच्या शरीराचे पहारेकरी त्या ग्रंथीलाच शत्रू समजून हल्ला करतायत, म्हणून सगळं मंदावलंय." मला लगेच कळलं! आमच्या इमारतीचा राखणदार मला जन्मापासून बघतोय, तरी रोज अडवतो, "कुणाकडे जायचंय?" तसलेच हे! मग त्या म्हणाल्या, "यात हिचा काही दोष नाही." आई खाली बघायला लागली, आणि मी... मी छताकडे.

गोळी दिली. सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पण आई ती आईच! "रिकाम्या पोटी औषध? बाधेल पोरीला!" म्हणून रोज पेलाभर दुधाबरोबर... दोन महिने! पुन्हा रक्त तपासलं, आकडा जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दुधाबरोबर ही गोळी नीट अंगी लागत नाही! मी पाणी सांगितलं होतं ना?" आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात माझ्याच तोंडून, चांगलं मोठ्यानं निघालं, "आळस, दुसरं काय!" आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत बोलले हो! बाबा आधी हसले. मग आईही, पदरानं डोळे टिपत.

मग गोळी पाण्याबरोबर सुरू झाली. हळूहळू स्वेटर उतरला, आवाज सुटला, वहीसुद्धा सापडली... कपाटात, स्वेटरांच्याच ढिगाखाली होती. परवा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल! घरभर आनंद! आणि रविवारी सकाळी आई दारात, "ऊठ, कपाट आवर." मी पांघरुणातूनच क्षीण आवाजात म्हटलं, "आई, ती ग्रंथी..." आईनं रिपोर्ट माझ्या नाकासमोर धरला. "ग्रंथी ठणठणीत आहे. हा आळस, दुसरं काय!"

तुम्हाला सांगते... या वेळी खरंच तोच होता. आणि आता त्यावर औषधही नाही.