बाहेर पडल्याची वेळ

जळगाव स्टँडवर धुळ्याच्या बसची रांग लागली होती. हेमांगीच्या पुढे एक कारखान्यातला कारकून आणि एक सॉफ्टवेअरवाला तरुण उभे होते. कारकुनाचा आवाज असा, की ऐकायचं नाही म्हटलं तरी कानात शिरावा.

"रोनक, तुझ्या सॉफ्टवेअरने जीव खाल्ला. एका माणसापायी अख्ख्या खात्याचे पगार अडकले."

"एरर काय आली, प्रेमराजभाऊ?"

"बाहेर पडल्याची वेळ नाही म्हणे. आत येतानाचा अंगठा आहे, जातानाचा नाही."

"विसरला असेल. त्याला विचारून भरा."

"कोणाला विचारू? मशीनमध्ये सापडला, जागीच गेला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालताना अंगठा कोण घेणार?"

"अरेरे! पण भाऊ, तो रकाना रिकामा चालतच नाही. काहीतरी भरावंच लागतं."

"भरलं ना. साहेब म्हणाले, दोन टाक. दोन टाकले."

"आणि अपघात?"

"अडीचला."

"म्हणजे सुटी झाल्यावर?"

"कॉम्प्युटर तसंच म्हणतो. ड्युटीवर नव्हता, भरपाईचा विषय संपला. बाकीच्यांचे पगार संध्याकाळी जमा."

"घरचे काही बोलले नाहीत?"

"बायको आली होती साक्रीकडून. आमच्याकडे चपला फळीवर ठेवून कंपनीचे बूट चढवतात ना, ती फळीपाशीच थांबली. म्हणे, ‘भाऊ, दोनलेच सुटी व्हयनी, मंग त्यासन्या चपला आठेच कश्या?’"

"मग?"

"मग काय? फळीवरच्या चपला देऊन टाकल्या."