वानखेड्यांचा गुरगुरणारा फिल्टर

वानखेड्यांच्या माशांचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं? ते आमचे हेडक्लार्क, राहायला धरमपेठेत. घरातल्या काचेच्या टाकीचं पाणी सारखं हिरवं व्हायचं. वहिनींनी शेवटची ताकीद दिली, "आता वास आला तर मासे सक्करदऱ्याच्या तलावात!"

वानखेड्यांनी टाकीच्या मागे अडकवायचे दोन फिल्टर आठ दिवसांत परत करता येतील अशा बोलीवर आणले आणि तुलना करायची म्हणून दोन्ही एकाच टाकीला लावले. तळाचे खडे मोजता येतील इतकं पाणी स्वच्छ झालं. मग निकाल ऐकायला मला बोलावलं आणि एका फिल्टरकडे बोट दाखवलं.

"हा पाय, कसा गुरगुरून राहिला! याले म्हणतात मेहनत. तो दुसरा नुसता लटकून राहिला गा, आवाज नाही का काही नाही."

मुका फिल्टर दुकानात परत गेला. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं. हा आपला गुरगुरतच होता.

"काहो," वहिनी म्हणाल्या, "आवाज करते तोच काम करते, असं तुमाले कोणं सांगतलं?"

मासे तलावात गेले. वानखेडे मात्र म्हणाले, "फिल्टर मेहनती होता, मासेच घाणेरडे."

कचेरीत आमच्या कामाचे गोपनीय अहवाल वानखेडेच लिहीत, आणि मी पडलो शांतपणे काम करणारा. दुसऱ्या दिवसापासून मी टाइपरायटर दणादण बडवायला लागलो.