पिशवीवाल्यांची जात

लढाई संपून वर्ष झालं होतं. दहिवडीच्या दवाखान्यात रंगूबाईच्या शेजारी खाकी कोटातला एक जवान बसला होता. त्याच्या मांडीवरच्या पाटीत कापसात गुंडाळलेलं पोर होतं. पलीकडची म्हातारी धनगरीण त्यात डोकावली.

"सातव्या म्हयन्यातलं व्हय रं?"

"व्हय, मावशी. आई तापानं पडलीया. ह्ये रडतबी न्हाई."

"जगंल, बाबा."

"लढाईत एका ऑस्ट्रेलियाच्या गोऱ्यानं कांगारूचं चित्र दावलं हुतं. त्येचं पिल्लू घेवड्याच्या बीएवढं जन्मतं."

"आन् जगतं?"

"आईच्या पोटाला कातड्याची पिशवी असती, त्यात वाढतं. तसल्या समद्या जनावरांना मार्सुपियल म्हणत्यात. म्हंजे पिशवीवालं."

"मग आमचा धनीबी त्याच जातीचा."

"आँ?"

"कोकरू दिस भरायच्या आत कच्चं पडलं की घोंगड्याच्या आत, उघड्या छातीला बांधून हिंडायचा."

"गडी मानूस?"

"मग? मेंढी आजारी पडल्यावर दुसरं कोन हाय त्येला?"

जवान रंगूबाईकडं वळला.

"अक्का, जरा पाटी धरता?"

रंगूबाईनं पाटी धरली. त्यानं कोटाची, सदऱ्याची बटणं काढली, पोर आत घेतलं.

डॉक्टर येईपर्यंत कोटातून बारीक रडं सुरू झालं. गप्प कर, असं कुणीच म्हटलं नाही.