डिस्प्ले सैपाकघरात

ताक घ्या आणि ऐका. माझ्या फिशटँकचं पाणी कोमट ठेवणाऱ्या कंट्रोलरला वेगळा डिस्प्ले घ्यायचाच नव्हता मला. पाण्याचं तापमान मोबाइलवर दिसतं की! पण आईच हट्टाला पेटली, "घे रं एक. माशांचा मुका जीव हाय."

मला भरूनच आलं. डिस्प्ले आणला, टँकशेजारी लावायला गेलो, तर म्हणते, "तिथं नको, सैपाकघरात लाव."

"सैपाकघरात कशाला गं?"

आईने टँकच्या झाकणावरचा टॉवेल उचलला. खाली विरजणाचं पातेलं! "थंडीत इथंच लागतं दही. तू मोबाइल घेऊन माथेरानला कामाला जातोस, मग ऊब किती हाय ते मला कसं कळायचं?"

मासे मजेत आहेत. ताक कसं झालंय?